रिंग जात होती

१

लीलाबाई हिवराळे गेल्या त्या दिवशी त्यांचा मुलगा शहरातच होता, सुट्टीवर होता आणि फोन त्याच्या हाताशी होता. तरीही आईच्या शेवटच्या घटकेला तो पोहोचला नाही. मुलगी म्हणत होती, मी फोनवर फोन केले. मुलगा म्हणत होता, एकही आला नाही. मृत्यूविषयी कोणालाच शंका नव्हती. मूत्रपिंडे थकली होती, डॉक्टरांनी कल्पना दिली होती. शंका होती ती फोनविषयी, आणि त्या शंकेपायी सख्ख्या भावाबहिणीत भिंत उभी राहू पाहत होती.

हे प्रकरण कडुबा मगरे यांच्याकडे आले, यात नवल नव्हते. तंत्रनिकेतनातून पदविका घेऊन ते सरकारी टेलिफोन खात्यात लागले आणि उभी हयात बंद पडलेल्या लाइनी शोधण्यात घालवून निवृत्त झाले. आता एका ग्राहक संघटनेचे काम पाहत. फोनचे बिल फुगले, सिम बंद पडले, की मुकुंदवाडीतली माणसे त्यांचे दार ठोठावत.

"जय भीम, काका," सुलेखा म्हणाली. खुर्ची पुढे केली तरी ती बसली नाही. गल्लीच्या उताराला तिचे घर, शिवणकामावर चालणारा संसार. आईला तिनेच सांभाळले होते. "मला भरपाई नको, काय नको. मी फोन केल्ते, एवढंच सम्यकला पटवून द्या. रविवारी आईचा जलदान विधी हाय. तो म्हणतो, तू तुझा कर, मी माझा बजाजनगरला करतो. एका आईचे दोन विधी, काका? आईला तरी काय वाटंल?"

मगऱ्यांनी तिचा फोन हातात घेतला. त्या दुपारचे सम्यकला केलेले कॉल एकाखाली एक दिसत होते.

"कॉल लावल्यावर काय ऐकू यायचं?"

"रिंग जात होती की. नुसतं टुर्र-टुर्र. वाजून वाजून बंद पडायचं."

"मग दुसऱ्या कोणाच्या फोनवरून का नाही लावला?"

सुलेखाने पदर बोटाला गुंडाळला. "मला वाटलं, पाळीवर असंल. त्यांच्या कंपनीत फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. प्रेरणाला लावला, तिचीबी रिंग गेली, उचलला नाय. म्हणलं सुटल्यावर मिस कॉल बघंल अन् पळत येईल. आमचं असंच चालतं. मिस कॉल दिला म्हंजे निरोप पोचला. आई गेली तवा शेजारच्या खाटेवरच्या बाईनं तिचा फोन दिला. तिच्यावरून लावला तर लगेच उचलला त्यानं." तिने पदर सोडला. "लगेच, काका."

"माझ्या नंबरवर लाव बरं."

तिने लावला. मगऱ्यांचा फोन टेबलावर खणखणीत वाजला. सुलेखाच्या चेहऱ्यावर आशा उमटली, "बघा, चांगला हाय ना फोन!" मगऱ्यांची मात्र निराशा झाली. फोन बिघडलेला निघाला असता तर बिचारी सुटली असती. चांगल्या फोनने तिलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले होते.

२

बजाजनगरात सम्यकची गल्ली सापडेना, म्हणून मगऱ्यांनी कोपऱ्यावरून त्याला फोन लावला. कानात एक भीमगीत सुरू झाले. कडवे पुरे होण्याआधीच सम्यकने उचलला आणि तो न्यायला आला.

वाळूजच्या एका कारखान्यात तो गुणवत्ता तपासनीस होता. बोलणे मोजके, शर्टाच्या बाह्या नीट दुमडलेल्या. डोळे मात्र झोप न लागलेल्या माणसाचे. त्याने आपणहून फोन पुढे केला.

"बघा, काका. मीही तपासणीचंच काम करतो. त्या दिवसाचा एकही कॉल ताईचा नाही. अनोळखी नंबरचा एक आहे. तो आई गेल्यावरचा."

"पुसला असशील."

"आईसाठी आलेला फोन पुसू मी?" सम्यक ताडकन उठला, मग स्वतःच खाली बसला. "ताईला आई एकटीची पाहिजे होती. मी म्हणत होतो, इकडं आणा, मी बघतो. ती म्हणायची, दवाखाना इकडून जवळ. दिवाळीपासून तेच चाललेलं. माझी खात्री आहे, तिनं कळवलंच नाही. आता लोक विचारायला लागले म्हणून फोन फोन करतीय."

मगऱ्यांनी फोनमधली अडवलेल्या नंबरांची यादी उघडली. ती रिकामी होती. प्रेरणाचाही फोन पाहिला. तिथेही तेच: नंदेचा एकही कॉल नाही. दोघांची सिमे एकाच कंपनीची, 'सुसंवाद'ची. सुलेखाचेही सुसंवादचेच होते.

प्रेरणा चहा घेऊन आली होती. तिला नवऱ्याचा हा ताठरपणा सोसवत नव्हता. वातावरण हलके करावे म्हणून ती म्हणाली, "यांचं अन् ताईंचं भांडण म्हंजे काका, दूध उतू जाणं. भसकन वर, फुंकर मारली की खाली. चिडले की हे ताईंना ब्लॉकच करायचे! सकाळी सासूबाई फोनवर दोन शिव्या घालायच्या, की गुपचूप काढायचे. मग रोज संध्याकाळी ताईला फोन, अर्धा-अर्धा तास. मला म्हणायचे, आईशी बोलतोय."

"प्रेरणा, साखर आण."

"साखर हाय त्यात."

"मग अजून आण."

मगरे हसले नाहीत. चहा संपवून ते निघाले. दोघेही खरे बोलत आहेत असे त्यांचे मन सांगत होते, आणि दोघेही खरे असणे शक्य नाही असे बुद्धी. रिक्षा तिरंगा चौकाच्या पुढे आली तेव्हा त्यांना ते भीमगीत आठवले.

सम्यकला कोणीही फोन लावला तर गाणे वाजते. सुलेखाला 'नुसते टुर्र-टुर्र' ऐकू आले होते. खोटे बोलणाऱ्या बहिणीने भावाचे रोजचे गाणे सांगितले असते; तिने ते सांगितले नाही, कारण ते तिला ऐकूच आले नव्हते.

मग ती वाजत होती ती रिंग कोणाच्या दारातली?

३

दुसऱ्या दिवशी सकाळी मगरे सुलेखाच्या गल्लीत गेले. तिच्या दाराशी पोहोचण्याआधीच सर्जेराव शेजूळ यांनी त्यांना अडवले. गल्लीच्या चढावर त्यांचे घर, आवाज कायम वरच्या पट्टीतला.

"साहेब, तुम्ही तिची बाजू घेऊन आलात म्हणे. घ्या. पण आधी तिला विचारा, आमचं पाणी का तोडलं?"

"पाणी महानगरपालिका तोडते, सर्जेराव."

"ते तर तोडतंच हो. हिनं निरोप तोडला!"

मग उलगडा झाला. त्या गल्लीत नळाला पाणी कधी येईल याचा नेम नसे. कधी आठवड्याने, कधी त्याहून उशिरा, कधी भल्या पहाटे, कधी भर दुपारी. उतारावर घर असल्याने पहिली धार सुलेखाच्या नळाला लागे. धार लागली की ती गल्लीतल्या प्रत्येक घराला एकेक मिस कॉल देई. कोणी उचलायचा नाही, हा दंडक. उचलणे म्हणजे तिचे पैसे खाणे; कापला की कळले. आता बोलणे फुकट झाले तरी ती रीत मोडली नव्हती.

"मागच्या दोन खेपेला मला मिस कॉलच नाही. टाकी कोरडी. भामाबाईलाबी नाही. समोरच्या करुणाबाईला मात्र बरोबर जातो. म्हंजे ठरवून! मी मोटरवरून तिला बोललो होतो, त्याचा वचपा. आता बाई दुःखात हाय म्हणून गप बसलो."

"मग रागानं तुम्ही कंपनीकडं तिच्या नंबरची तक्रार केली होती?"

"मी?" सर्जेराव खवळले. "पाणी सांगणाऱ्या बाईची तक्रार करीन मी? येडा हाय का?"

मगऱ्यांनी शांतपणे विचारले, "तुमचं सिम कोणत्या कंपनीचं?"

"सुसंवाद."

भामाबाईंचे सुसंवाद. करुणाबाईंचे दुसऱ्या कंपनीचे. स्वतः मगऱ्यांचेही दुसऱ्याच कंपनीचे, म्हणून तर सुलेखाचा कॉल त्यांच्या टेबलावर वाजला होता. ते तसेच कोपऱ्यावरच्या गोकुळच्या मोबाइल दुकानात गेले. गल्लीतली सिमे तोच विकत असे, आणि वाचता न येणारे संदेश तोच वाचून देत असे.

"सुलेखाताईंचं सिम एक नंबर आहे, साहेब," गोकुळ म्हणाला. "मध्यंतरी त्यांना एक मेसेज आला होता, इंग्रजीत. 'तुमचा नंबर संशयित आहे, खालच्या लिंकवर जाऊन ओळख पटवा, नाहीतर सेवा बंद.' मला दाखवायला आल्या. मी म्हणलं, ताई, ये फ्रॉड है. हात बी लावू नका. काढून टाकला मी." त्याने अभिमानाने मान डोलावली. "मागं भामाबाईंचे पैसे असेच गेले होते ना."

"कोणाच्या नावानं आला होता?"

"सुसंवादच्या. तेच तर! चोर मोठ्या कंपनीचंच नाव लावतात."

मगऱ्यांनी दुकानाच्या फळीवर हात टेकला. तो मेसेज चोराचा नसेल तर?

४

सुसंवादच्या जालना रोडवरच्या कार्यालयात त्यांची गाठ निशा जमधडे या तक्रार अधिकाऱ्याशी पडली. तरुण, हुशार, आणि दिवसभर दुसऱ्यांच्या चुकांची माफी मागून थकलेली. मगऱ्यांनी सुलेखाचे अधिकारपत्र पुढे ठेवले, मग सरळ म्हणाले:

"मॅडम, मी टेलिफोन एक्स्चेंजचा माणूस. फोन करणाऱ्याला जी रिंग ऐकू येते ती समोरच्याच्या फोनची नसते. ती एक्स्चेंज ऐकवतं. या बाईंचे कॉल तुम्ही आतच अडवलेत आणि त्यांना खोटी रिंग ऐकवलीत. बरोबर?"

निशाने दार लोटले. "आमच्या कृत्रिम बुद्धीच्या यंत्रणेचं नाव 'द्वारपाल' आहे, सर. फसवे कॉल ती आपोआप ओळखते. अडवल्याचं कळलं तर भामटे नंबर बदलतात, म्हणून त्यांना रिंग ऐकवत राहतो. तेवढा वेळ ते अडकून पडतात. लाखो लोकांचे पैसे वाचलेत यानं."

"वाचले असतील. या बाईनं कोणाला फसवलं?"

निशाने पडदा त्यांच्याकडे वळवला. द्वारपालाचा हिशोब तिथे मांडलेला होता. एका नंबरवरून अधूनमधून, अवेळी, झपाट्याने पुष्कळ कॉल जातात. प्रत्येक कॉल क्षणभराचा. जवळजवळ कोणीच उचलत नाही; बहुतेक जण कापतात. यंत्र जगभरच्या भामट्यांच्या सवयी पाहून जे शिकले होते, त्यात हे चित्र तंतोतंत बसत होते.

मगरे त्या नोंदी एकेक करून वाचू लागले. सर्जेराव, भामाबाई, अख्खी गल्ली. पाणी आल्याच्या आनंदात ज्यांनी ज्यांनी तो कॉल कापला, त्या प्रत्येकाने नकळत तिच्याविरुद्ध साक्ष दिली होती.

"हा पाण्याचा निरोप आहे," ते म्हणाले. निशाला दोन वाक्यांत कळले. तीही याच शहरातली होती. तिच्याही घरी पिंपे भरून ठेवलेली होती. तिचा चेहरा उतरला.

"नंबर बंद करण्याआधी माणसानं तपासायचं असतं ना?"

"तपासतात, सर. एका नंबरवर एक नजर. तेवढाच वेळ असतो."

"आणि ग्राहकाला कळवायचं असतं."

"मेसेज गेला होता. उत्तर आलं नाही."

"मॅडम, तुमचा चौकीदार चोराचा वेष घालून दारात आला, आणि दार उघडलं नाही म्हणून त्यानं घराला कुलूप घातलं. अशा लिंकला बोट लावू नका, हे तुमच्याच जाहिराती सांगतात."

 निशाने बटणे दाबली. नंबर मोकळा झाला. "माफ करा" हा शब्द तिच्या ओठांवर येऊन थांबला, कारण तो रोजचा होता.

मगरे उठले, आणि पुन्हा बसले. "एक राहिलंच. पाण्याचा मिस कॉल अर्ध्या शहरात चालतो. ते सगळे नंबर बंद आहेत का?"

"नाही, सर." तिने नजर चुकवली. "मिस कॉलनं संशय वाढतो, पण तेवढ्यानं नंबर बंद होत नाही. या नंबराविरुद्ध आधीच एक तक्रार होती. एका ग्राहकानं आपल्या फोनवर नंबर अडवताना कळवलेली. मग पाण्याच्या दिवशीचे मिस कॉल त्यात पडले आणि पारडं झुकलं."

"कोणी कळवलं?"

"नाव सांगता येत नाही. आणि खरं तर सांगायची सोय असती तरी..." ती थांबली. "एवढंच सांगते, शेजाऱ्यापाजाऱ्यांवर राग धरू नका. परक्याच्या तक्रारीला द्वारपाल फारसं मोजत नाही. ज्याचं त्या नंबरशी रोजचं, लांब बोलणं असतं, त्याच्या शब्दाला तो सर्वांत जास्त वजन देतो. त्याचं म्हणणं, जवळचा माणूस उगाच बोलणार नाही."

"तक्रार मागं घेता येते?"

"फोनमधला ब्लॉक काढता येतो. पण इकडं आलेली तक्रार... नाही, सर. तशी सोयच ठेवलेली नाही."

मगऱ्यांना आणखी विचारायचे काही उरले नव्हते. सुलेखाचे रोजचे लांब बोलणे जगात एकाच माणसाशी होते.

५

शोध लागल्याचा आनंद त्यांना ठाऊक होता. जमिनीखाली कुठेतरी कुजलेली तार बोटाला लागली की ऊर भरून यायचा. आज तसे काही झाले नाही.

सुलेखा शिलाई यंत्रावर बसली होती. त्यांनी सर्व क्रमाने सांगितले: खोटी रिंग, पाण्याचे मिस कॉल, गोकुळने पुसलेला मेसेज. तिने डोळे मिटून हात जोडले. "म्हंजे मी खोटी नाय."

"नाहीस. तोही नाही."

मग त्यांनी उरलेले सांगितले. प्रकरण घेऊन आलेली तीच होती, तिला ऐकण्याचा हक्क होता. दिवाळीनंतरच्या एका भांडणात सम्यकने तिचा नंबर अडवला असणार. अडवताना फोन विचारतो, कंपनीला कळवू का, आणि ती खूण आधीच केलेली असते. सकाळी राग गेला, नंबर मोकळा झाला. कंपनीकडे गेलेला राग तिथेच राहिला.

सुलेखाचा पाय यंत्राच्या पायपट्टीवर होता, तो तिने हळूच खाली घेतला.

"त्याला हे सांगू नका, काका."

"सुलेखा..."

"मशीननं केलं म्हणा. खरंच हाय ना ते? मशीननंच केलं. तेवढ्यावर तो येईल रविवारी. बाकीचं कशाला? पोरगा जन्मभर स्वतःला खात बसंल. लहानपनापासून तसाच हाय तो. चिडतो, अन् मंग कोपऱ्यात जाऊन रडतो."

"दूरसंचार नियामकानं या यंत्रणांबाबत लोकांकडून सूचना मागवल्यात. मला हे प्रकरण लिहून पाठवायचंय. तक्रार मागं घेता येत नाही, हीच त्यातली खरी गोम आहे. ती गाळली तर उद्या दुसऱ्या घरात हेच होईल. अर्धा बिघाड लिहिला की लाइन पुन्हा बंद पडते."

"दुसऱ्या घराचं मी काय करू?" सुलेखा रागाने म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "तुमचं खरं हाय. पण मला एकच भाऊ हाय, काका. आईबी गेली."

मगऱ्यांनी आयुष्यात कधी अर्धा अहवाल लिहिला नव्हता. तरी त्यांनी मान हलवली.

६

शनिवारी दुपारी सम्यक आणि प्रेरणा मगऱ्यांच्या घरी आले. सुलेखा आधीच आली होती. भिंतीकडेच्या पलंगावर, अंग चोरून. भावाने तिच्याकडे पाहिले नाही.

मगऱ्यांनी वीजमंडळाच्या जुन्या बिलाच्या पाठीवर एक रेघ ओढून सारे समजावले. एका टोकाला सुलेखा, दुसऱ्या टोकाला सम्यक, मध्ये द्वारपाल. गाण्याऐवजी ऐकू आलेली टुर्र-टुर्र. कोरड्या टाक्या. ते सांगत गेले तसे सम्यकचे ताठ खांदे खाली येत गेले. शेवटी त्याने वळून बहिणीकडे पाहिले.

"ताई, तू लावत होतीस?"

"लावत होते रे."

"अन् मी तुला काय काय बोललो. लोकांसमोर."

"बोललास तर बोललास. जाऊ दे." ती उठून त्याच्याजवळ आली. "उद्या लवकर ये. भन्तेजी नवाला येणार हायेत. प्रेरणा, तू सकाळीच ये गं, माझ्याच्यानं एकटीनं होणार नाय."

प्रेरणा डोळे पुसत हसली. सुलेखाला पाहिजे होते ते मिळाले होते. मगऱ्यांनी कागद उलटा करून ठेवला. सारे इथेच संपले असते, तर त्यांनी ते संपू दिले असते.

सम्यक मात्र त्या उलट्या कागदाकडे पाहत होता.

"काका, आमच्या कंपनीत माल सदोष निघाला की 'का' विचारायला शिकवतात. पहिल्या उत्तरावर थांबायचं नाही. त्याच्या मागचं का, त्याच्या मागचं का." त्याने कागद सुलटा केला. "आमच्या मागच्या गल्लीतबी पाण्याचा मिस कॉल देतात. त्या मावशींचा नंबर चालू आहे. ताईचाच का?"

"मशीनचं काय खरं असतं का?" सुलेखा घाईने म्हणाली. "तू चहा घे."

"काका?"

मगऱ्यांनी चष्मा काढला. खोटे बोलण्याची त्यांना सवय नव्हती. न बोलण्याची तर त्याहून नव्हती. ते गप्प राहिले, आणि तपासणीचे काम करणाऱ्या माणसाला तेवढे पुरले.

सम्यकने खिशातून फोन काढला. बहिणीचे नाव उघडले. अडवण्याच्या बटणाला बोट लावले. समोर चौकट आली. तिच्या तळाशी बारीक अक्षरात एक ओळ होती: 'कंपनीला कळवा'. तिच्यापुढे आधीच खूण केलेली. त्याने काहीही न दाबता चौकट बंद केली. फोन मांडीवर ठेवला. प्रेरणाने तोंडावर पदर घेतला. चहाच्या वेळची आपली थट्टा तिला आठवली असावी.

"आईला मी इकडं आणणार होतो त्या भांडणात," सम्यक म्हणाला. "ताई सारखी फोन करत होती. मी वाचलं नाही खाली काय लिहिलंय. सकाळी काढलं होतं मी. लगेच काढलं होतं."

"ठाऊक हाय," सुलेखा म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?"

"परवापासून."

"अन् तू मला चहा पाजत होतीस."  सुलेखा त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. लहानपणी बसत असेल तशी, गुडघ्याला गुडघा लावून. कोणी कोणाची समजूत घातली नाही. खाली रस्त्यावरून भंगारवाला हाळी देत गेला.

मग सम्यकने विचारले, "आई काय म्हणत होती शेवटी?"

 मगऱ्यांना वाटले, सुलेखा आता काहीतरी गोड रचून सांगेल. पण तिने रचले नाही. "बोलवत नव्हतं तिला. नुसती दाराकडं बघत होती."

सम्यकने मान हलवली. मग मगऱ्यांकडे वळून तो म्हणाला, "तुम्ही नियामकाला लिहिणार आहात ना? ताई प्रेरणाला म्हणाली फोनवर."

"लिहिणार आहे. पण काही बाबी वगळून."

"वगळू नका. आत्ता लिहा. माझ्यासमोर."

मगऱ्यांनी सुलेखाकडे पाहिले. ती भावाकडे पाहत होती.  त्यांनी कागद ओढला आणि आपल्या जुन्या, सरळ, अहवालाच्या भाषेत लिहायला सुरुवात केली. कॉल अडवल्याचे ग्राहकाला समजेल अशा भाषेत आणि त्याला विश्वास वाटेल अशा मार्गाने कळवले जावे. मरणाऱ्याच्या उशाशी बसून फोन लावणाऱ्या माणसाला खोटी रिंग ऐकवली जाऊ नये. रागाच्या भरात केलेली तक्रार मागे घेण्याची सोय असावी. माणसे भांडतात आणि समेट करतात, हे यंत्राला सांगितले पाहिजे.

शेवटच्या परिच्छेदाशी ते थबकले. मग सावधपणे लिहीत मोठ्याने वाचले, "प्रस्तुत प्रकरणी सदर क्रमांकाविरुद्धची तक्रार मृत महिलेच्या एका निकटच्या नातेवाइकाकडून, अनवधानाने..."

"नातेवाईक नको, काका," सम्यक म्हणाला. "मुलाकडून, असं लिहा."